नाकासमोर गाणारा माणूस

रत्नागिरीत कुणाचं कौतुक करायची पद्धत नाही. आंब्याचं करत नाही, तर माणसाचं कुठून करणार? पाहुण्याने हापूसची फोड तोंडात टाकून डोळे मिटले, की यजमान समोरून म्हणणारच, "यंदा काही खरं नाही आंब्याचं. पूर्वीची गोडी गेली." आमचे काका एकदा उत्तरेच्या यात्रेला जाऊन आले. ओटीवर अडकित्त्याने सुपारी कातरत बसले होते, तेव्हा मी विचारलं, "काका, ताजमहाल कसा वाटला?" काका सुपारीवरची नजर न काढता म्हणाले, "पाऊस नाही तिकडे, म्हणून पांढरा दिसतोय. इथे भाट्याला बांधलान् असता तर दुसऱ्या श्रावणात शेवाळाने हिरवा झाला असता." शहाजहान वाचला तो यमुनेकाठी राहत होता म्हणून.

आमच्याकडे 'वाईट नाही' म्हणजे पद्मश्री आणि 'बरं आहे' म्हणजे भारतरत्न. त्याच्या वरचं काही बोलायची वेळ आली, तर माणूस विषय बदलून मांडवीच्या बंदराकडे बघतो. अशा गावात एक सिनेमा दीड तपाहून जास्त काळ टिकून आहे आणि त्याला आजवर एकानेही चांगलं म्हटलेलं नाही. दर वर्षी कुणीतरी कुणाला तरी तो दाखवतं. दर वर्षी तो भिकार असल्यावर एकमत होतं. आणि दर वर्षी तो शेवटपर्यंत बघितला जातो.

सिनेमाचं नाव 'आप का सुरूर'. दिग्दर्शक प्रशांत चड्ढा. प्रदर्शनाची तारीख २९ जून २००७. नायक हिमेश रेशमिया, नायकाची भूमिका हिमेश रेशमियाची, आणि ती करणारे हिमेश रेशमिया. सिनेमात त्यांना एचआर म्हणतात. माणसाने स्वतःचीच भूमिका करावी आणि तीही किंचित जास्त झाल्यासारखी वाटावी, हे मी तोवर फक्त लग्नातल्या नवऱ्या मुलाच्या बाबतीत पाहिलं होतं. इंग्रजी नावात 'का'ला एक ए जादा, 'सुरूर'ला एक आर जादा आणि पुढे जोडलेल्या 'मूव्ही'ला एक ई जादा. रत्नागिरीत मासळीवालीसुद्धा वर इतका वाटा घालत नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. एचआर हा हिंदी गाण्यांचा मोठा स्टार. कार्यक्रमासाठी तो जर्मनीला जातो. तिथे त्याच्यावर खुनाचा आळ येतो, तुरुंग होतो, तो तुरुंगातून पळतो, आणि या सगळ्या धावपळीत प्रेमही करतो. प्रेमासाठी हंसिका मोटवानी आहे, वकिलीसाठी मल्लिका शेरावत आहे. जर्मन तुरुंगातून पळून जाणं हे पूर्वी महायुद्धातल्या कैद्यांचं काम होतं. त्यांनी त्यासाठी भुयारं खणली. एचआरला टोपी पुरली.

ही टोपी नीट समजून घ्यायची, तर काही वर्षं मागे जावं लागेल. हिमेश मुळात संगीतकार. १९९८ साली सलमान खानच्या 'प्यार किया तो डरना क्या'पासून सुरुवात झाली. २००३ च्या 'तेरे नाम'च्या गाण्यांनी रत्नागिरीतल्या निम्म्या तरुणांच्या डोक्यावर मधला भांग आणि बाकी निम्म्यांच्या डोळ्यांत पाणी आणलं. २००५ साली त्यांनी 'आशिक बनाया आपने'चं शीर्षकगीत स्वतःच गायलं आणि मग मागे वळून पाहिलं नाही. टोपीची चोच डोळ्यांवर ओढलेली असली की मागे काय, बाजूलाही दिसत नाही. २००६ साली 'आप का सुरूर' नावाचा अल्बम आला. साळवी स्टॉपवर रिक्षात बसलं की गाणं सुरू व्हायचं आणि मारुती मंदिरला उतरलं की तेच गाणं पुढच्या रिक्षात पुढच्या कडव्यापासून चालू असायचं. जणू गावातल्या सगळ्या रिक्षांनी मिळून एकच कॅसेट विकत घेतली होती.

त्याच साली गुजरातमधल्या भालेज नावाच्या गावाची बातमी आली होती. 'झलक दिखला जा' हे हिमेशचं गाणं वाजवलं की भुतं येतात, अशी तिथल्या लोकांची तक्रार होती. कोकणात या बातमीने कुणाची पापणी लवली नाही. भुतांना आमच्याकडे गाणं म्हणून बोलवावं लागत नाही. ती आपली आपण येतात, त्यांची झाडं ठरलेली, मानपान ठरलेला, कुणाला नारळ आणि कुणाला कोंबडा हेही ठरलेलं. काका एवढंच म्हणाले, "तिकडची भुतं रसिक दिसतायत. आमच्याकडची फक्त जेवायला येतात."

आता आवाजाकडे येऊ. हिमेश नाकातून गातो, अशी देशभर ओरड होती. पुण्याच्या लोकांनी नाक मुरडलं, मुंबईच्या लोकांनी नकला केल्या. नकलाकारांची दोन वर्षं पोटाची सोय झाली. रत्नागिरीत मात्र हा आक्षेप नेमका कशावर आहे, तेच बराच वेळ कुणाला कळेना. अहो, नाकातून म्हणजे काय? मग बाकीचे कुठून गातात? ज्या गावात दळण टाकून येतो हे साधं वाक्यसुद्धा नाकाला विचारल्याशिवाय बाहेर पडत नाही, ज्या भागातल्या चित्पावनी बोलीत स्वर घशापेक्षा नाकात जास्त रमतात, तिथे नाकातून गाणं हा दोष कसा ठरणार? आम्हांला तो आपल्यातलाच कुणीतरी वाटला. देवरूख-लांज्याकडचा, लहानपणीच मुंबईला गेलेला.

माझा एक सिद्धान्त आहे. १९६२ साली मराठीच्या शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि उच्चारात न येणारे सगळे अनुस्वार एका फटक्यात काढून टाकले गेले. पिढ्यान्‌पिढ्या अक्षरांच्या डोक्यावर बसलेले लाखो अनुस्वार बेघर झाले. ते गेले कुठे? व्याकरणाच्या पुस्तकात याचं उत्तर नाही. निम्मे आमच्या खालच्या आळीत मुक्कामाला आले. उरलेले निम्मे ४३ वर्षं आसरा शोधत हिंडले आणि २००५ साली त्यांना एक गळा सापडला.

गणपतीत याचा पुरावाच मिळाला. आमच्याकडे जाखडी नाचणारी मंडळं गाजलेल्या सिनेमाच्या चाली उचलतात आणि शब्द देवाचे घालतात. त्या साली मी घरोघर पाच वेगवेगळी मंडळं ऐकली आणि पाचांच्याही गौरीपुत्राने हिमेशची चाल धरली होती. ढोलकी चालू, एका पायातले घुंगरू चालू, आणि नाकातून गणपतीला आळवणी. ज्या देवाला सोंड आहे, त्याच्यापुढे नाकातून गाण्याबद्दल माफी कशाला मागायची?

अशा तापलेल्या हवेत २००७ च्या पावसाळ्यात सिनेमा आमच्या गावात लागला. आम्ही चौघे गेलो. का गेलो, ते स्पष्ट सांगतो, कारण पुढे याला महत्त्व आहे. आम्ही हसायला गेलो होतो. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा त्या संध्याकाळी थिएटरच्या पत्र्यावर पडला. पायाशी चार छत्र्या ठिबकत होत्या. पडद्यावर एचआर काहीतरी फार गंभीर बोलत होता, पण पत्र्यामुळे ऐकू येत नव्हतं. आम्ही अंदाजाने हसत होतो. आमच्या मागेही हसत होते, पुढेही हसत होते.

मग गाणं लागलं. पावसाला पुरून उरणारा एकच आवाज तिथे होता आणि तो नाकातून येत होता. मी हसत शेजारी बघितलं. शेजारचा मित्र हसत नव्हता. त्याचे ओठ हलत होते. त्याच्या पलीकडच्याचेही. पुढच्या रांगेत डोकी डुलत होती. आणि मला शरमेने कळलं, की मीही शब्दन्‌शब्द म्हणतोय. गाणं संपलं. आम्ही चौघांनी एकमेकांकडे न बघता पुन्हा हसायला सुरुवात केली.

तीन दिवसांनी मी परत छत्री उचलली. काका ओटीवर होतेच.

"कुठे?"

"सिनेमाला. परवा पावसामुळे संवाद ऐकूच आले नाहीत, म्हणून परत..."

"शिंच्या, पाऊस आजही आहे. उद्याही आहे. ऑक्टोबरपर्यंत जात राहशील?"

काकांचं संगीतातलं वजन मोठं. गावात खल्वायन संस्थेचा कार्यक्रम असो की राज्य संगीत नाट्य स्पर्धा सावरकर नाट्यगृहात असो, तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची काकांची. नटाने तान घेतली की काका डोळे मिटतात, नट गद्य बोलायला लागला की अडकित्ता काढतात. हिमेशबद्दल त्यांचं मत तेव्हा एका शब्दात होतं आणि तो शब्द दिवाळी अंकात छापता येणार नाही. "अभिनय येत नाही, चेहरा हलत नाही, कथेला बूड नाही आणि हा आपला मध्येच उभा राहून गातो," असं ते एकदा म्हणाले. मी म्हटलं, "काका, हे तुम्ही संगीत नाटकाचंच वर्णन केलंत."

घरात दोन मिनिटं कुणी बोललं नाही. काकूंनी दुधाखालचा गॅस बंद केला.

पण विचार करा. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं, तेव्हापासून मराठी माणसाने गवयाला काय काय माफ केलेलं नाही? पन्नाशीला आलेला भरभक्कम पुरुष शालू नेसून सोळा वर्षांची नायिका म्हणून उभा राहिला, आणि आपण तिच्या लाजण्यावर जीव टाकला. नायक मरायला टेकलेला असताना एका पदासाठी उठला, वन्समोअर आला म्हणून मरण पुढे ढकलून पुन्हा गायला, आणि समाधान झाल्यावर आपण त्याला मरायची परवानगी दिली. गोष्ट थांबली तरी चालेल, गाणं थांबता कामा नये, हा करार आपण फार जुना केलेला आहे. एचआर त्याच करारावर जर्मनीला गेला.

बाहेरच्या जगातही हेच चालतं. एल्व्हिस प्रेस्लीने ३१ सिनेमांत काम केलं. गाडी चालवणारा असो की बोट चालवणारा, पाच मिनिटांत गिटार हातात येणार हे ठरलेलं. बीटल्सनी १९६४ साली 'अ हार्ड डेज नाइट'मध्ये बीटल्सचंच काम केलं. प्रिन्स १९८४ साली 'पर्पल रेन' घेऊन आला आणि त्यातल्या गाण्यांना थेट ऑस्कर मिळालं. जांभळा पाऊस आम्ही पाहिलेला नाही, आमचा पाऊस करड्या रंगाचा असतो. पण सूत्र तेच. गवयाला गवईच राहू द्यायचं आणि त्याच्याभोवती जमेल तशी गोष्ट रचायची.

मग या सिनेमाला लोक अजून का धरून आहेत? गाणी चांगली आहेत, हे अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं आमच्या गावाच्या स्वभावात आहे. रत्नागिरीत कुणाला गाणं येत असलं, तर तो तीनदा म्हणतो, "छे, घसा बसलाय." चौथ्यांदा आग्रह झाला की, "बरं, दोनच ओळी." आणि मग दीड तास गातो. सबब पुढे केल्याशिवाय आमच्याकडे कुणी काही करत नाही. दुकान काढायचं तर म्हणायचं, "बसल्याबसल्या काहीतरी." घर बांधायचं तर, "जुनं गळत होतं म्हणून." प्रेमविवाहसुद्धा आमच्याकडे "स्थळ आलं होतं आपलं" म्हणून होतात. हसू होण्याच्या भीतीने आम्ही आधीच थोडं हसून ठेवतो.

आणि इथे एक माणूस. टोपी, माइक, नाक. कॅमेऱ्यात बघून तो ठामपणे सांगतो, की मी मोठा स्टार आहे, जर्मनी माझ्यासाठी वेडी आहे आणि आता मी गाणार आहे. घसा बसलेला नाही. चेहऱ्यावर शंकेची एक सुरकुती नाही. नाकासमोर चालणारी माणसं आम्ही पुष्कळ पाहिली, नाकासमोर गाणारा हा पहिलाच. असा निर्मळ निःशंकपणा आमच्या गावात फक्त गाईच्या आणि महावितरणच्या खांबाच्या चेहऱ्यावर दिसतो. आम्ही त्याला हसलो ते खरं आहे. पण त्या हसण्याच्या तळाशी मत्सर होता. 'आप का सुरूर' बघताना दोन सव्वादोन तास असं वाटतं, की लोक काय म्हणतील हा प्रश्नच जगात नाही. रत्नागिरीच्या माणसाला याहून लांबची सहल परवडत नाही.

पुढे घोटाळा झाला. सिनेमा चालला, आणि वर्षभराने हिमेशने 'कर्ज' नव्याने केला. १९८० सालच्या मूळ सिनेमाच्या इंग्रजी नावात झेड एकच होता, २००८ साली चार झाले. काकांनी भिंतीवरचं पोस्टर चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, "एक मुद्दल. बाकीचे तीन अठ्ठावीस वर्षांचं व्याज." पण या सिनेमात टोपी नव्हती. टोपीच्या जागी लांब केस होते. आणि सिनेमा कोसळला.

इथे काकांनी जे सांगितलं, ते त्यांच्या तोंडून ऐकायला मी तयार नव्हतो. म्हणाले, "बालगंधर्वांचं हेच झालं. १९३५ साली प्रभातने त्यांना 'धर्मात्मा'त घेतलं. शांतारामबापूंसारखा दिग्दर्शक. आधी नाव 'महात्मा' होतं, सरकारला त्यात गांधी दिसले म्हणून बदललं. गंधर्व झाले संत एकनाथ. आवाज तोच, गळा तोच. पण शालू कुठाय? लोकांना शालूतले गंधर्व हवे होते, त्यांच्यापुढे आला उपरण्यातला पुरुष. एका सिनेमात प्रभातशी वाट वेगळी झाली." थोडं थांबून म्हणाले, "त्या मुलाला सांगायला हवं होतं कुणीतरी. टोपी काढू नको म्हणावं."

'त्या मुलाला.' त्यांचा तो न छापता येणारा शब्द जाऊन हिमेश त्या दिवशी मुलगा झाला. मी काही बोललो नाही. रत्नागिरीत माणूस पाघळताना दिसला की आपण बंदराकडे बघायचं असतं.

हिमेश मात्र थांबला नाही. सिनेमे येत राहिले, काही कधी लागले आणि कधी उतरले ते कळलंही नाही. २०१६ साली 'सुरूर'चा दुसरा भाग आला. ७ फेब्रुवारी २०२५ ला 'बॅडअ‍ॅस रविकुमार' आला. समोर खलनायक म्हणून प्रभुदेवा, आणि जाहिरातीतच मोकळी कबुली की यात लॉजिक ऑप्शनल आहे. माझा मुंबईचा भाचा फोनवर हे सांगताना खिदळत होता. मी काकांना सांगितलं. काका म्हणाले, "आमच्याकडे १८८० पासून ऑप्शनल आहे."

त्याच वर्षी हिमेशने जाहीर कार्यक्रमांचा दौरा काढला. दौऱ्याचं नाव 'कॅप मेनिया'. म्हणजे कुणीतरी त्या मुलाला अखेर सांगितलं होतं. टोपी परत आली आणि तिच्यामागून गर्दी आली. सिनेमा लागला तेव्हा चड्डीत शाळेला जाणारी पोरं टोप्या घालून हजारोंनी जमली आणि रडत रडत गायली. भाचा मुंबईच्या कार्यक्रमाला गेला होता. तिकिटाची रक्कम त्याने आईला अजून सांगितलेली नाही.

"कशाला रे गेलास?" मी विचारलं.

"हसायला, मामा. मजा म्हणून."

मी त्याच्याकडे बघितलं. टोपी घातलेली होती. चोच डोळ्यांवर होती. मला पत्र्यावरचा पाऊस ऐकू आला.

परवाच्या शिमग्याला हा भाचा पालखीसाठी गावाला आला. दुपारची जेवणं झाली होती, पालखी संध्याकाळी घरी यायची होती. मधला वेळ घालवायचा म्हणून त्याने ओटीवर लॅपटॉप उघडून 'आप का सुरूर' लावला. "काकाआजोबा, तुम्ही आत पडा जरा," काकू म्हणतात तशा सुरात तो म्हणाला. "हे तुम्हांला नाही आवडायचं."

"पडतोय कसला. ढोल वाजतायत," काका म्हणाले आणि अडकित्ता घेऊन भिंतीला टेकून बसले. लॅपटॉपकडे त्यांची पाठ नव्हती, तोंडही नव्हतं. जेमतेम कान होता.

खुनाचा आळ आला, सुपारी कातरली जात होती. वकीलबाई आल्या, सुपारी कातरली जात होती. मग एचआरने माइक धरला आणि अडकित्ता थांबला. काकांनी डोळे मिटले. तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीत मिटतात, तसेच. गाणं संपेपर्यंत ते उघडले नाहीत.

भाचा पुढचं दृश्य लावून हसायच्या तयारीत होता. काकांनी सुपारी तोंडात टाकली आणि सहज, वाऱ्याला सांगावं तसं म्हणाले, "ते जरा मागे घे बघू."

"काय आजोबा?"

"गाणं रे. नीट ऐकू नाही आलं. पाऊस होता मध्ये."

बाहेर खळ्यात शिमग्याचं रणरणतं ऊन होतं आणि वाळत घातलेल्या मिरच्यांवरून एक कावळा चोरपावलांनी चालला होता. भाच्याने माझ्याकडे बघितलं. मी बंदर ज्या दिशेला आहे, तिकडे बघू लागलो.

भाच्याने गाणं मागे घेतलं.